बडोद्याच्या जुन्या वाटणीच्या दाव्यांतून घराण्याची वंशावळ कशी लावावी

भाऊबंद गुण्यागोविंदानं नांदत असतील तर कोण कोणाचा चुलत, कोण सावत्र, कोण दत्तक, हे कोणी लिहून ठेवत नाही. सगळ्यांना ते ठाऊकच असतं. वाडा, इनाम जमीन किंवा नेमणूक (सरकारकडून घराण्याला मिळणारा तनखा) यावरून वाद पेटला आणि कोर्टात गेला की मात्र तीन-चार पिढ्यांची नाती, वयं, लग्नं, मृत्यू, दत्तकं, दागिने, सगळं कागदावर येतं. बडोद्यातल्या मराठी घराण्यांना याचा फायदा जास्त, कारण त्यांची मुळं एका गावात सलग नाहीत. मूळ गाव घाटावर किंवा कोकणात, चाकरी गायकवाडीत, जमीन कडी किंवा नवसारी प्रांतात, घर दांडिया बाजारात किंवा बाबाजीपुऱ्यात. एवढ्या पसाऱ्याला धरून ठेवणारा कागद बहुतेक वेळा वारसाच्या भांडणाचाच निघतो.

तो कागद शोधायचा कुठं, वाचायचा कसा आणि त्यातलं किती खरं धरायचं, ते पुढे सांगितलं आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वंशावळी चुकतात त्या बहुतेक तिथंच.

आधी कोर्ट ठरवा

स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जिथं असेल तिथल्या कोर्टात चालतो, वादी राहतो तिथं नव्हे. म्हणून "आमचे पणजोबा बडोद्याचे" एवढ्यावर बडोद्यातच शोध घेत बसू नका. संस्थानात बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत होते, शिवाय ओखामंडळ. कडी प्रांतातलं गाव आज बहुधा मेहसाणा बाजूला सापडेल. मूळ गावच्या वतनाचा वाद असेल तर तो ब्रिटिश मुलखात, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक किंवा रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात गेलेला असेल आणि त्याचं अपील मुंबई हायकोर्टात. एकाच घराण्याच्या एकाच भांडणाचे दोन दावे दोन राज्यांत चाललेले असू शकतात. असं असेल तर दोन्ही मिळवा, कारण एका ठिकाणी लपवलेला वारस दुसऱ्या ठिकाणी हमखास उघडा पडतो.

काळाचे टप्पेही ध्यानात ठेवा. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यानंतर, सर टी. माधवराव दिवाण असताना, म्हणजे 1875 ते 1882 या काळात कोर्टांची नीट घडी बसली. त्याआधीचे वाद दरबारात किंवा पंचांपुढे मिटत. तेव्हा दाव्याची फाईल सापडणार नाही, सापडला तर महजर (पंचांपुढच्या निवाड्याचा कागद), निवाडपत्र, फारखत (हक्क सोडल्याचा कागद) किंवा दरबारी हुकूम सापडेल. सयाजीरावांच्या काळात सर्वांत वर वरिष्ठ न्यायालय आणि त्याच्याही वर हुजूर न्यायसभा. बडोद्याच्या निकालावरचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात नसे, ते महाराजांकडे जाई. त्यामुळे प्रिव्ही कौन्सिलच्या निकालांत बडोद्यातल्या दाव्याचा शोध घेण्यात वेळ जाईल. घाटावरच्या वतनाचा मोठा दावा असेल तर मात्र तिथं जरूर पाहा, त्या अपिलांसाठी छापलेल्या कागदांत वंशवृक्षही छापत. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हापासून अपिलं मुंबईला आणि 1 मे 1960 पासून अहमदाबादला, गुजरात हायकोर्टात.

सरदार, शिलेदार, दरकदार, नेमणूकदार यांच्या घराण्यांचं आणखी वेगळं आहे. पागा (घोडदळाचं पथक), आसामी (चाकरीतली जागा), नेमणूक यांवर कोणाचं नाव चढवायचं हे दिवाणी कोर्ट ठरवत नसे, सरकार ठरवी. दत्तकालाही सरकारची मंजुरी आणि नजराणा लागे. म्हणून घराण्यात अशी चाकरी असेल तर दिवाणी दाव्याच्या आधी हुजूर कचेरी, हुजूर फडणीस, सेनापती कचेरी (लष्करी कचेरी) आणि खानगी खातं (महाराजांचा खासगी कारभार) यांचे कागद पाहा. दिवाणी कोर्टात वाडा वाटला जातो आणि सेनापती कचेरीत आसामी चढते. दोन्हीकडे दिलेली वंशावळ एकच असेल असं गृहीत धरू नका.

1875 च्या आधी ज्या घराण्याला ब्रिटिशांची बहांदरी, म्हणजे हमी होती, त्याचं भांडण रेसिडेंटाकडे, म्हणजे दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीकडे, जाई. हरिभक्तींच्या पेढीच्या जोईताबाईंचं वारसाचं प्रकरण रेसिडेंट कर्नल आउट्रमच्या काळात असंच रेसिडेन्सीत गाजलं. ते कागद बडोद्याच्या दफ्तरात शोधण्यापेक्षा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर रेसिडेन्सीच्या नावानं शोधावेत.

किती सालं चाळायची

रजिस्टर उघडण्याआधी सालांची पट्टी आखून घ्या, नाहीतर महिने जातात. ब्रिटिश मुदतीच्या कायद्यात स्थावराच्या ताब्यासाठी साधारण 12 वर्षं मिळत. वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असेल तर सज्ञान झाल्यावर आणखी 3 वर्षं. सज्ञान म्हणजे तेव्हा 18, पण कोर्टानं पालक नेमला असेल तर 21.

समजा कर्ता 1894 मध्ये वारला आणि धाकटा मुलगा तेव्हा 2 वर्षांचा होता. मुलगा 1910 ला 18 चा, कोर्टाचा पालक असेल तर 1913 ला 21 चा. त्यात 3 मिळवा. म्हणजे पहिली पट्टी 1894 ते 1916. बडोद्याचे निबंध स्वतंत्र होते (कायद्याला तिथं निबंधच म्हणत), म्हणून अलीकडे-पलीकडे चार-पाच वर्षं सैल ठेवा.

दुसरी पट्टी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. विभक्त झालेला माणूस मुलाविना वारला तर मिळकत विधवेकडे जाई, पण हयातीपुरती. ती वारली की नवऱ्याकडचे भाऊबंद पुढं येत, आणि त्यांची 12 वर्षं विधवेच्या मृत्यूपासून मोजली जात. नवरा 1894 ला गेला, विधवा 1931 पर्यंत जगली, तर दावा 1943 पर्यंत लागू शकतो. हे दावे वंशावळीसाठी सर्वांत श्रीमंत, कारण वादीला मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंतची साखळी सिद्ध करावी लागते आणि आपल्यापेक्षा जवळचा कोणी जिवंत नाही हेही दाखवावं लागतं. निपुत्रिक गेलेल्या काका-आजोबांची नावं अन्यथा कुठंच राहत नाहीत, ती इथं राहतात. तेव्हा घरातल्या प्रत्येक बालविधवेच्या मृत्यूचं साल आधी शोधा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 नं विधवेची ही मर्यादित मालकी पूर्ण केली, त्यानंतर असे दावे आटत गेले.

रजिस्टर, फाईल, नक्कल

न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीतून न्यायालयं 2018 मध्ये दिवाळीपुऱ्यातल्या नव्या संकुलात गेली. घरातली वडीलधारी मंडळी अजून न्यायमंदिरच सांगतात, तेव्हा हेलपाटा वाचवा. संस्थानी काळासाठी कोर्टाचा रेकॉर्ड विभाग आणि गुजरात राज्य अभिलेखागाराचं बडोद्यातलं दफ्तर, दोन्हीकडे विचारणा करा.

फाईल मागू नका, आधी दाव्यांचं रजिस्टर मागा. जुन्या दिवाणी फाईलचे भाग पाडलेले असतात. निकालपत्र, हुकूमनामा (डिक्री) असा गाभा कायम ठेवतात, बाकीचे भाग ठराविक वर्षांनी नष्ट करतात. अस्सल दस्तऐवज तर पक्षकार निकालानंतर परत घेऊन जात. म्हणून "फाईल नाही" हे उत्तर मिळालं तरी निराश होऊ नका. रजिस्टरमधली एक ओळसुद्धा पक्षकारांची नावं, दाव्याचं स्वरूप, किंमत, निकालाची तारीख आणि अपिलाचा नंबर देते. अपील झालं असेल तर खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल अपिलाच्या फाईलला जोडलेली असते. खालचं नष्ट, वरचं शाबूत, असं पुष्कळदा घडतं.

नावाची सूची चाळताना सवय बदलावी लागते. जुन्या सूच्या आडनावावर लावलेल्या नसतात, वादीच्या पहिल्या नावावर असतात. बायकांची नावं बऱ्याचदा "बाई" पासून सुरू होतात, म्हणून जमनाबाई "ज" मध्ये नसेल तर "ब" मध्ये पाहा. लिहिणारा कारकून गुजराती असेल तर मराठी आडनाव त्यानं ऐकलं तसं उतरवलेलं असतं. प्रतिवादींची सूची वेगळी असेल तर तीही बघा, कारण तुमचा पूर्वज दावा लावणाराच असेल असं नाही. आणि दाव्यांच्या रजिस्टराइतकंच किरकोळ अर्जांचं रजिस्टर महत्त्वाचं. वारसाचा दाखला, अज्ञानाच्या पालकाची नेमणूक, अज्ञानाची मिळकत विकायची परवानगी ही कामं तिथं असतात. भांडण न झालेल्या घराण्याचाही माग त्यात लागतो.

नक्कल मागताना कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि साल, दोन्ही पक्षांची पहिली नावं, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहा. "संपूर्ण फाईलची नक्कल" असा अर्ज अडकतो. तुम्ही त्या दाव्यातले पक्षकार नाही, म्हणून कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. त्यात पक्षकाराशी तुमचं नातं आणि वंशावळीचा अभ्यास हे कारण साध्या शब्दांत लिहा, आणि नातं दाखवणारा एखादा कागद सोबत ठेवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा मोह टाळा. कोर्टाच्या न्यायिक कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांप्रमाणेच घ्यायच्या, माहिती अधिकारात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च 2020 मध्ये गुजरात हायकोर्टाच्याच प्रकरणात आला आहे.

फाईल उलटी वाचा

पहिल्या पानापासून वाचलं तर फिर्यादीच्या गोष्टीत माणूस वाहून जातो. आधी हुकूमनामा, मग निकालपत्र, त्यातही आधी मुद्दे. न्यायाधीशानं ठरवलेले मुद्दे सांगतात की नेमकं कोणतं नातं वादात होतं. ज्यावर मुद्दाच काढलेला नाही ते नातं दोन्ही पक्षांना मान्य होतं, आणि शत्रूनं मान्य केलेलं नातं यापेक्षा पक्कं काही मिळत नाही. त्यानंतर प्रतिवादीची कैफियत, म्हणजे फिर्यादीला त्याचं लेखी उत्तर. तिच्यात "कलम 2 मधील मजकूर कबूल" अशी ओळ दिसली की फिर्यादीचं कलम 2 काढून शब्दन् शब्द उतरवून घ्या. मग निशाण्या, म्हणजे दाखल केलेले कागद, आणि शेवटी जबान्या.

हुकूमनाम्याच्या डोक्यावरचा पक्षकारांचा तपशील सावकाश वाचा. उदाहरणादाखल:

"वादी 1. गोविंदराव बिन बाळाजी, वय सुमारे 34. 2. अज्ञान रामचंद्र बिन विठ्ठल, वय सुमारे 9, तर्फे अज्ञानपालक आई गं. भा. राधाबाई कोम विठ्ठल. प्रतिवादी 1. मयत सखाराम बिन बाळाजी याचे वारस 1अ, 1ब."

"बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" किंवा "भ्रतार" आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. "गं. भा." म्हणजे विधवा, म्हणजेच विठ्ठल दाव्याच्या आधी वारला. "1अ, 1ब" म्हणजे सखाराम दावा चालू असताना वारला. त्याच्या मृत्यूची तारीख रोजनाम्यात (दाव्याच्या दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) किंवा वारसांचं नाव लावण्याच्या अर्जात सापडेल, आणि तो अर्ज मुदतीत द्यावा लागत असल्यानं तारीख बहुधा नेमकी असते. "वय सुमारे" मात्र खरंच सुमारे. वयस्कर माणसांच्या बाबतीत पाच-सात वर्षांचा फरक सहज पडतो. अज्ञानाचं वय जास्त विश्वासाचं, पण मुदतीचा वाद असेल तर तेही ओढूनताणून कमी केलेलं असू शकतं.

हिश्श्यांतून वंशवृक्ष

नावं पुसट असली तरी हिस्से बोलतात. जुन्या हुकूमनाम्यात सबंध मिळकत म्हणजे 16 आणे. समजा सहा जणांचे हिस्से असे आहेत: एकाला 5 आणे 4 पै, तिघांना प्रत्येकी 1 आणा 9 पै आणि एक तृतीयांश पै, दोघांना प्रत्येकी 2 आणे 8 पै. 12 पैचा आणा. 5 आणे 4 पै म्हणजे तिसरा हिस्सा, तिघांचा मिळून तिसरा, दोघांचा मिळून तिसरा. म्हणजे मूळ पुरुषाच्या तीन शाखा. एका शाखेत एक, दुसरीत तीन, तिसरीत दोन धनी. बेरीज 16 येते का ते दर वेळी करून पाहा. येत नसेल तर कोणीतरी पान गाळलंय किंवा एका शाखेनं आपला भाग आधीच विकला आहे.

आता यातली मेख. दुसऱ्या शाखेतले तिघं म्हणजे तीन भाऊ, असं लगेच लिहू नका. आपल्याकडच्या धर्मशास्त्राप्रमाणे मुलांनी वाटणी केली तर विधवा आईला मुलाइतका हिस्सा मिळे. बाप हयात असताना वाटणी झाली तर बापाचा एक आणि आईचा एक. म्हणजे ते तिघं दोन भाऊ आणि आई असतील, किंवा बाप, आई आणि एकुलता एक मुलगा. आणि 5 आणे 4 पै वाला एकटाच होता असंही नाही, त्याची मुलं एकत्र राहिली असतील आणि कर्त्याच्या नावानं सबंध हिस्सा लागला असेल. हिस्सा शाखा सांगतो. नातं हवं असेल तर जबानीकडे जावं लागतं.

तडजोडीचा हुकूमनामा असेल तर हे गणित चालत नाही, तिथं लोक मनासारखं वाटून घेतात. त्याऐवजी वाटणीची यादी वाचा. कोणाला "पूर्वेकडचे तीन खण आणि ओसरी", कोणाला "माडीवरची खोली, विहिरीवर वहिवाटीचा हक्क". चतुःसीमेत "उत्तरेस प्रतिवादी 3 याचा भाग" असं असतं. ते खण कागदावर मांडून घर काढा आणि सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रकाशी ताडून पाहा. आज वेगवेगळ्या आडनावांच्या मालकांकडे असलेली शेजारशेजारची घरं एकाच वाड्याचे तुकडे होती हे कळतं, आणि कोणता तुकडा मुलीकडून जावयाकडे गेला तेही. दागिन्यांची यादी सोडू नका. "पाटल्या जोडी, हिच्या माहेरच्या" अशा शेऱ्यावरून माहेरचं घराणं लागतं.

भांडणाआधीचा कागद, भांडणानंतरचा कागद

दाव्यातली वंशावळ ही एका पक्षानं जिंकण्यासाठी मांडलेली असते. ती सरसकट खोटी नसते, पण तिच्यात सोयीचं तेवढंच असतं. मुलींना हिस्सा नव्हता म्हणून मुली गाळलेल्या. दासीपुत्र गाळलेला. आधीच विभक्त झालेली शाखा गाळलेली. अडचणीचा चुलता "निःसंतान मयत" दाखवलेला, आणि दोन निशाण्या पुढे त्याचाच नातू साक्षीला उभा.

1872 च्या पुरावा कायद्याच्या (1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला) कलम 32 मध्ये यावरचा उपाय होता आणि वंशावळ लावणाऱ्यानं तो जसाच्या तसा उचलावा. मयत नातलगाचं नात्याबद्दलचं म्हणणं ग्राह्य धरायचं, पण ते वाद उपस्थित होण्याआधी केलेलं असलं पाहिजे. म्हणून प्रत्येक कागदाच्या कपाळी आधी लिहा: भांडणाआधीचा की नंतरचा. भांडण सुरू झाल्याची तारीख दाव्याच्या तारखेहून जुनी असते. फिर्यादीत "दाव्यास कारण" म्हणून जी तारीख दिली असते ती, किंवा पहिली नोटीस गेली ती तारीख धरा.

मग दोन ढीग करा. पहिल्यात जुनं वाटणीपत्र, लग्नातला देण्याघेण्याचा हिशेब, गहाणखत, दत्तकपत्र, सरकारी नेमणुकीची नोंद, तीर्थोपाध्यायांच्या वहीचा उतारा. चांदोद, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या वह्यांचे उतारे दाव्यांत दाखल झालेले दिसतात. उतारा असेल तर मूळ वहीतली नोंद कोणत्या यात्रेची, कोणाच्या हातची ते पाहा. दाव्याच्या साली खास केलेली "यात्रा" असेल तर ती नोंद दुसऱ्या ढिगात. दुसऱ्या ढिगात फिर्याद, कैफियत, वारसाचा अर्ज, दाव्यासाठी तयार केलेलं पेढीनामं (वंशावळीचा तक्ता). दुसऱ्या ढिगातलं काहीही पहिल्यातल्या कागदानं किंवा विरुद्ध पक्षाच्या कबुलीनं पाठबळ मिळाल्याशिवाय वंशवृक्षात शाईनं लिहू नका, पेन्सिलनं लिहा.

जबान्यांत सुतकाचे प्रश्न आले की थांबून वाचा. "त्यांच्याकडे कोणी गेलं तर तुम्ही किती दिवस सुतक धरता?" या प्रश्नाला साक्षीदार सहसा खोटं बोलत नाही, कारण आळीतल्या चार लोकांनी ते पाहिलेलं असतं. ब्राह्मण घराण्यांत सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदांचं दहा दिवसांचं, त्यापलीकडच्यांचं तीन दिवसांचं. इतर जातींत दिवस वेगळे, पण जवळ-लांब हा भेद तसाच. "आम्ही फक्त स्नान करतो" असं उत्तर असेल तर आडनाव एक असूनही नातं फार लांबचं. तेराव्याला कोण बसलं, क्रियाकर्म कोणी केलं, लग्नात कोणाच्या नावानं पत्रिका निघाली, हे प्रश्नही त्याच तोलाचे.

दत्तकाचा मामला असेल तर मुलाचं जन्माचं नाव आणि जन्मदात्या बापाचं नाव दोन्ही लिहून घ्या, कारण दत्तक घेताना नाव बदलत. खुद्द सयाजीराव महाराज 27 मे 1875 पूर्वी कवळाण्याच्या काशीरावांचे गोपाळराव होते. दत्तकपत्र न पाहता जन्मगावी "सयाजीराव" शोधणाऱ्याला तिथं कोणीच सापडलं नसतं. आपल्या घराण्यातही तेच घडतं: 10 वर्षांचा एक मुलगा एका शाखेतून नाहीसा होतो आणि दुसऱ्या शाखेत दुसऱ्याच नावानं उगवतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं घोटाळा आणखी वाढतो. बाळाजी सखाराम आणि सखाराम बाळाजी आलटून पालटून येत राहतात. एकाच नावाच्या दोन माणसांना एक करण्याआधी त्यांची वयं मांडा. मधे 50-60 वर्षं निघाली तर ते आजोबा-नातू.

मोडी, सन आणि रुपये

निशाण्यांमधले जुने कागद मोडीत असतात, कोर्टाचं काम बहुतांशी गुजरातीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाला वेगळी खूण नाही, म्हणून नावाचा अंदाज एकाच कागदावरून करू नका. तेच नाव तीन ठिकाणी वाचून मग ठरवा. कोर्टानं करवून घेतलेलं लिप्यंतर सोबत असेल तर ते वापरा, पण अस्सलाचा फोटोही घ्या, लिप्यंतर करणाऱ्यानंही नावं चुकवलेली असतात. कायद्याचा गुजराती शब्द अडला तर 1931 चा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश काढा. राज्यकारभाराच्या शब्दांना त्यात मराठी, गुजराती, फारसी, इंग्रजी यांसह आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी दिले आहेत.

तारखा बदलताना सर्वांत जास्त चुका होतात. जुन्या मराठी कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. "इसन्ने अशरीन मयातैन व अलफ" फोडा: इसन्ने 2, अशरीन 20, मयातैन 200, अलफ 1000, म्हणजे 1222. त्यात 599 मिळवा: 1821. हे साल मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर 1821, जानेवारी ते मेमधला असेल तर 600 मिळवून 1822. सोबतचा "छ" चा आकडा मुसलमानी चांद्र महिन्याचा दिवस असतो. तो मराठी तिथी समजून बदलला की दिवसच चुकतो. शकात 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. गुजराती कारकुनाचा संवत कार्तिकात सुरू होतो, चैत्रात नव्हे. कार्तिक ते डिसेंबर 57 वजा, जानेवारी ते आश्विन 56 वजा. उत्तरेकडच्या पंचांगाची कोष्टकं वापरली तर चैत्र ते आश्विनातल्या प्रत्येक तारखेला एक वर्षाचा फरक पडतो आणि मुलगा बापाच्या मृत्यूनंतर दीड वर्षानं जन्मलेला दिसतो.

पैशांचंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बडोद्यात बाबाशाही रुपया चाले आणि त्याची किंमत ब्रिटिश कलदार रुपयाहून कमी होती. जुन्या वाटणीपत्रात बाबाशाही आणि नंतरच्या दाव्यात कलदार असेल तर रकमा जुळत नाहीत म्हणून कागद खोटा ठरवू नका.

नोंद ठेवताना

माणसाला एक कार्ड करण्याऐवजी प्रत्येक नात्याला एक ओळ करा. सहा रकाने पुरतात: कोण, कोणाचा कोण, दावा नंबर आणि साल, निशाणी किंवा पान, कोणाचं म्हणणं, भांडणाआधीचं की नंतरचं. "विठ्ठल हा बाळाजीचा मुलगा" याला तीन वेगवेगळे कागद मिळाले तर तीन ओळी होतील, होऊ द्या. दोन ओळी भांडल्या तर दोन्ही ठेवा, खोडू नका.

फोटो काढायची परवानगी आधी घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. प्रत्येक कागदाच्या फोटोत निशाणी नंबर दिसला पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर चाळीस मोडी पानं एकमेकांसारखी दिसतात. पाठची बाजू हमखास घ्या. स्टॅम्प विकत घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि राहण्याचं ठिकाण स्टॅम्पाच्या मागे लिहिलेलं असतं. दस्ताच्या मजकुरात खोटी जुनी तारीख घातली असेल तर ती याच शेऱ्यावरून पकडली जाते.

शेवटी जमिनीचा माग आजपर्यंत आणा. गुजरातच्या एनीआरओआर या संकेतस्थळावर जुने हस्तलिखित सातबारा आणि गाव नमुना 6 म्हणजे हक्कपत्रकाच्या नोंदी स्कॅन करून ठेवल्या आहेत. वारसाईची नोंद काढा, तिच्यातली नावं हुकूमनाम्यातल्या हिस्सेदारांशी लावा. हुकूमनाम्यात असलेला एखादा हिस्सेदार हक्कपत्रकात दिसतच नसेल तर दरखास्तीचं, म्हणजे हुकूमनामा बजावून घेण्याच्या अर्जांचं, रजिस्टर उघडा. तो हिस्सा त्याला कधी मिळालाच नसेल, आणि मग त्याची शाखा बडोदा सोडून कुठं गेली याचा पहिला पत्ता त्या दरखास्तीवरच्या त्याच्या राहण्याच्या ठिकाणात असतो.